शाळा बदलली आणि मी विचारायला शिकले

मुलांना ख्रिस्ती शाळेत घालायचं म्हटलं की आजूबाजूची माणसं दोनच गोष्टी बोलतात. एक, तिथे शिस्त चांगली लागते. दुसरी, जरा आवाज खाली आणून, धर्माचं काही डोक्यात भरवत नाहीत ना, तेवढं बघा. मी आठवीत अशा शाळेत गेले आणि शाळा संपेपर्यंत तिथेच शिकले. तिथे शिस्त होती आणि धर्मही होता. पण माझ्यात जे बदललं त्याचं श्रेय मला या दोन्हींपैकी कशालाही सरळ देता येत नाही. ते नेमकं कशाने बदललं हे सांगायला थोडा वेळ लागतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबांची बदली झाली आणि माझी शाळा सुटली. नवी शाळा येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांची होती. जुन्या शाळेत मी हुशार मुलांत मोडायचे. इथे शिकवण्याची भाषाच वेगळी. एक वाक्य मनात लावून घेईपर्यंत शिक्षक तीन वाक्यं पुढे गेलेले असत. मी मुळात कमी बोलणारी, त्यात आता न बोलायला चांगलं कारण मिळालं. पहिल्या चाचणीचे गुण बघून आईचा चेहरा उतरला होता, पण ती मला काही बोलली नाही.

आमचे वर्गशिक्षक एक फादर होते. त्यांनी मला बाजूला घेऊन धीर वगैरे दिला नाही. त्यांनी भर वर्गात इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. येशूसंघाचा हा संस्थापक आधी तलवार चालवणारा माणूस. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि ते आयुष्य संपलं. पुढे त्याला शिकायचं होतं, पण त्या काळात लॅटिनवाचून शिक्षणाचं दार उघडत नव्हतं. तेव्हा १५२४ मध्ये, तिशी उलटलेला हा गृहस्थ बार्सिलोनात शाळकरी पोरांबरोबर बसून लॅटिनचे धडे गिरवू लागला. तिथून तो पॅरिसच्या विद्यापीठापर्यंत पोचला. गोष्ट संपवून फादर म्हणाले, "आजपासून ज्याला जो शब्द अडेल त्याने हात वर करायचा. वर्ग थांबेल."

आणि वर्ग खरंच थांबायचा. सुरुवातीला माझा हात वर जाताना खांद्यापाशीच जड व्हायचा. पण थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. मी विचारलेला शब्द पहिलीपासून तिथे शिकणाऱ्या कितीतरी मुलांनाही येत नव्हता. ती आजवर मान डोलावत आली होती. हळूहळू तीही हात वर करू लागली. माझ्या अडचणीचा वर्गाला उपयोग होऊ शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अडचण म्हणजे लपवायची वस्तू, अशीच माझी तोवर समजूत होती.

आता धर्माचं. आमचं घर ख्रिस्ती नाही, त्यामुळे आईबाबांच्या मनात शंका होती. प्रवेशाच्या वेळी बाबांनी मुख्याध्यापकांना ती स्पष्ट विचारली. उत्तरही तितकंच स्पष्ट मिळालं. सकाळी प्रार्थना होईल, त्या वेळी सगळ्यांनी शांत उभं राहायचं. ओठ हलवायचे की नाहीत ते ज्याचं त्याने ठरवायचं. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असेल तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास असेल. चॅपलचं दार सगळ्यांना उघडं आहे, पण आत या असं कुणी कुणाला सांगणार नाही. मी तिथे होते तोवर हे असंच चाललं. सगळ्याच ख्रिस्ती शाळांत असंच असतं असा माझा दावा नाही. मी माझ्या शाळेपुरतं सांगते आहे.

नववीत असताना मी एका फादरांना धीर करून विचारलं, "आम्ही तुमच्यासारखा विश्वास ठेवला नाही तर तुम्हाला वाईट वाटतं का?" ते म्हणाले, फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर पॅरिसमध्ये आमच्याच शाळेत शिकला आणि आयुष्यभर चर्चवर टीका करत राहिला. आम्ही त्याला नीट वाचायला आणि वाद घालायला शिकवलं होतं, ते त्याने आमच्यावरच वापरलं. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मला ते उत्तर फार आवडलं आणि त्यानंतर प्रार्थनेला उभं राहताना माझ्या अंगातला ताठरपणा गेला.

पण ज्याने मला खरं बदललं ते दुपारी व्हायचं. जेवणाच्या सुट्टीआधी घंटा वाजायची आणि सगळी शाळा काही मिनिटं जागच्या जागी गप्प बसायची. याला तिथे एक्झामेन म्हणत. परीक्षेशी त्याचा संबंध नाही. दिवसाकडे मागे वळून बघण्याची ही इग्नेशियसची रीत आहे आणि येशूसंघाचे लोक आजही ती दुपारी आणि रात्री पाळतात. तिच्या पाच पायऱ्या आहेत. आम्हा मुलांना त्या सोप्या करून सांगितल्या होत्या. आज काय चांगलं मिळालं त्याबद्दल आभार मानायचे. मग दिवस खरा आहे तसा दिसू दे, अशी मागणी करायची. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. जिथे आपण कमी पडलो तिथे क्षमा मागायची. आणि शेवटी उरलेल्या दिवसासाठी एकच गोष्ट ठरवायची. ख्रिस्ती मुलं हे सगळं देवाशी बोलत. आम्हा बाकीच्यांना सांगितलं होतं की देवाशी बोला, स्वतःशी बोला, पण खोटं बोलू नका.

पहिले काही आठवडे मी त्या वेळात मनातल्या मनात पाढे म्हणायचे. नंतर त्याचा कंटाळा आला आणि सांगितलं होतं ते करून बघितलं. तेव्हा मला पायऱ्यांचा क्रम लक्षात आला. आभार पहिले आहेत आणि उणीव चौथी आहे. माझ्या डोक्यात हा क्रम नेहमी उलटा असायचा, किंबहुना तिथे आभार नसायचेच. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभरात काय काय बिघडलं याची यादी सुरू व्हायची आणि त्या यादीतच झोप लागायची. चांगलं काय झालं ते आधी शोधायचं, अशी सक्ती झाल्यावर पहिल्यांदा काही सापडेना. मग छोट्या छोट्या गोष्टी सापडू लागल्या. कुणीतरी बाकावर सरकून जागा दिली. गणिताच्या टीचरांनी माझी वही दुसऱ्या मुलांना दाखवली. पाऊस थांबला आणि मैदानावर जाता आलं. या गोष्टी आधीही घडत असणार. त्या मोजायची सवय मला नव्हती.

दुसरं असं की रोज त्याच वेळी मागे बघितलं की ठसे दिसू लागतात. मला वाटायचं की मी वर्गात घाबरते. एक्झामेनमध्ये पुन्हा पुन्हा वेगळंच समोर आलं. वर्गात मी बरी असायचे. माझ्या पोटात गोळा यायचा तो सुट्टीची घंटा झाली की, कारण तेव्हा घोळके व्हायचे आणि आपण कुठल्या घोळक्यात जायचं ते मला कळायचं नाही. आणि ज्या दिवशी मी एका तरी मुलीशी आपणहून बोलले होते, तो दिवस संध्याकाळपर्यंत हलका जायचा. हे शोधून काढायला मला समुपदेशक लागला नाही. फक्त रोज तेवढा वेळ थांबावं लागलं.

पुढे कधीतरी समजलं की इग्नेशियसची ही सगळी रीत अशाच एका निरीक्षणातून निघाली. पाय मोडून तो घरी पडून होता. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, तर घरात निघालं ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र. तो दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा, कधी दरबारातल्या पराक्रमाची तर कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण पहिली सरली की मन कोरडं पडायचं आणि दुसरी सरल्यावरही आनंद मागे रेंगाळायचा. हा फरक त्याने हेरला, आणि पुढचे निर्णय घेताना तो हाच फरक बघत राहिला. मला ही गोष्ट धर्माची म्हणून भावली नाही. एखादी गोष्ट करताना कसं वाटतं, यापेक्षा ती झाल्यावर मागे काय उरतं ते बघ, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी अकरावीला कुठली शाखा घ्यायची ते शेवटी याच कसोटीवर ठरवलं.

त्याच परंपरेतला आणखी एक नियम आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या आरंभीच तो येतो. समोरच्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा. तसा घेता येत नसेल तर त्याला विचारावं, तुला काय म्हणायचं आहे. आणि विचारूनही ते चुकीचंच निघालं तर प्रेमाने समजवावं. बस, एवढंच. भिंतीवर असे बरेच सुविचार असतात आणि कुणी ते वाचत नाही. पण आमचे शिक्षक वादविवादाच्या तासाला हा नियम कसोशीने पाळायला लावत. समोरच्याचा मुद्दा खोडण्याआधी तो त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवायचा. त्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटल्यावरच आपलं उत्तर सुरू करायचं. बोलणारी मुलं या नियमाने हैराण होत. मला मात्र तो वरदान वाटला. मी कमी बोलायचे, पण ऐकायचे पुष्कळ. दुसऱ्याचं म्हणणं नेमकं मांडण्यात मी वर्गात सगळ्यांत पुढे आहे हे काही तासांतच सगळ्यांना कळलं, मलाही. वादविवादाच्या संघात माझी निवड झाली ती बोलण्यावर नव्हे, या ऐकण्यावर झाली.

हा नियम शाळेतच राहिला असता तर मी त्याच्याबद्दल इतकं लिहिलं नसतं. तो घरी आला.

बाबा माझ्या नव्या शाळेत पालकसभेला कधी यायचे नाहीत. आईच यायची. जुन्या शाळेत ते प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत असायचे. मी मनाशी अर्थ लावून मोकळी झाले होते, की माझे गुण घसरले तशी त्यांची माझ्यातली गोडी कमी झाली. याबद्दल मी त्यांच्याशी बोलले नव्हते. आमच्या घरात अशा गोष्टी बोलायची पद्धतच नव्हती. एका संध्याकाळी ते खुर्चीत वाचत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही शाळेत येत नाही, त्याचं कारण मला माहीत नाही. मी मनाने काहीतरी धरून बसले आहे. तुम्हीच सांगा ना."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे सगळे त्या भाषेत बोलतात गं. मला चार वाक्यंही धड येत नाहीत. तुझ्या मैत्रिणींसमोर तुला खाली बघावं लागू नये, म्हणून नाही येत."

मला काय बोलावं ते सुचेना. ज्या भाषेपायी मी वर्गात गप्प बसत होते, तिच्याचपायी बाबा घरी बसत होते. मी त्यांना हात वर करून शब्द विचारण्याची गोष्ट सांगितली. बार्सिलोनातल्या त्या थोराड विद्यार्थ्याचीही सांगितली. पुढच्या पालकसभेला ते आले. फादरांशी आमच्या भाषेत बोलले, आणि फादर अडखळत का होईना, आमच्याच भाषेत उत्तरं देत होते.

मूल्यशिक्षणाच्या तासाबद्दल माझी अपेक्षा शून्य होती. खरं बोलावं, मोठ्यांचा मान राखावा, असं काहीतरी असणार. पण आमच्या टीचर गोष्टी सांगायच्या आणि त्यांचं तात्पर्य सांगायच्या नाहीत. एकदा त्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. शेतावरून आलेला थोरला मुलगा हे बघतो आणि घरात पाऊल टाकायला तयार होत नाही. टीचरांनी विचारलं, "या गोष्टीत तू कुठे उभी आहेस?"

मी थोरली. माझा भाऊ धाकटा, सगळ्यांचा लाडका, आणि वस्तू हरवण्यात पटाईत. मी एका क्षणात उत्तर दिलं की मी दाराबाहेर, थोरल्याच्या शेजारी उभी आहे, आणि मला तो अजिबात चूक वाटत नाही. इतकी वर्षं राबूनही त्याला मित्रांबरोबर मौज करायला एक करडू मिळालं नाही, ही त्याची तक्रार खरीच आहे. वर्गात गलका झाला. निम्मी मुलं माझ्या बाजूची निघाली. टीचर म्हणाल्या, तक्रार खरी आहे असं धरू. आता पुढे वाच.

पुढे बाप बाहेर येतो. धाकट्यासाठी तो जसा वाटेपर्यंत गेला, तसाच थोरल्यासाठी दाराबाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणतो. आणि दाखला तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही. घंटा झाली आणि टीचर पुस्तक मिटून निघून गेल्या.

मी त्या दाखल्याशी कितीतरी आठवडे भांडत होते. एकदा सुट्टीत टीचरांना गाठून म्हटलं, तुम्ही शेवट सांगायला हवा होता. त्या म्हणाल्या, "शेवट तुझ्याकडे आहे, माझ्याकडे कसा असेल?" तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आजही मला थोरल्याची तक्रार खरी वाटते. मात्र बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता, ही गोष्ट मी पहिल्या वाचनात बघितलीच नव्हती. ती दिसल्यानंतर माझ्या भावाशी मी वेगळी वागू लागले. त्याला मिळतं ते माझ्यातून वजा होत नाही, इतकं साधं गणित होतं ते.

नाटकाचं थोडक्यात सांगते. येशूसंघाच्या शाळांत नाटक फार जुनं आहे. १५९९ साली त्यांनी आपल्या शाळांसाठी जो अभ्यासक्रम पक्का केला, त्याच्याही आधीपासून मुलं रंगमंचावर उभी राहत होती. फ्रेंच नाटककार मोलियेर लहानपणी पॅरिसमधल्या त्यांच्याच शाळेत शिकला. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येकाला नाटकात काहीतरी करावंच लागे. मी पहिल्या वर्षी पडदा ओढला, दुसऱ्या वर्षी गर्दीत उभी राहिले, आणि शेवटच्या वर्षी मला बोलायची भूमिका मिळाली. माझं काम चांगलं झालं. आईबाबा दोघंही आले होते.

सगळंच मला मानवलं असं मात्र नाही. शाळेचे चार गट होते आणि प्रत्येक गोष्टीला गटाचे गुण मिळत. स्वच्छतेला गुण, वेळेवर येण्याला गुण, प्रार्थनेत शांत उभं राहण्यालाही गुण. जुन्या जेझुइट शाळांत वर्गाचे रोमन आणि त्यांचे प्राचीन शत्रू कार्थेजवाले असे दोन तट पाडून चढाओढ लावत. आमचे गट त्याच वळणाचे असावेत. चुरशीने मुलं अभ्यास करतात हे खरं आहे. पण शांत बसायचे गुण मिळायला लागले की शांततेतलं काहीतरी निघून जातं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि मी ते शिक्षकांना सांगितलंही होतं. प्रार्थनेचे गुण काही बंद झाले नाहीत. एक्झामेनला मात्र कधीच गुण नव्हते, आणि ते का नसावेत हे तिथल्या मोठ्यांना नीट ठाऊक असावं.

आता सेवेच्या तासाबद्दल. नववीपासून आम्हाला आठवड्यातून एकदा शाळेबाहेर जावं लागे. कुणी अंध मुलांना वाचून दाखवी, कुणी लहान मुलांचा अभ्यास घेई. माझ्या वाट्याला वृद्धाश्रम आला. हे सगळं कशासाठी, हे आम्हाला पेद्रो अरूपे यांच्या एका भाषणातून सांगितलं गेलं. अरूपे येशूसंघाचे प्रमुख होते. त्याआधी ते जपानमध्ये होते, आणि १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा शहरालगतच्या आपल्या मठातच त्यांनी जखमींसाठी रुग्णालय थाटलं होतं. १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला संघाच्या शाळांतून शिकून गेलेल्या माणसांसमोर ते बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी जगायला शिकवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही शिकवलं, असं उत्तरही दिलं. यापुढे आपल्या शाळांतून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडायला हवीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या संस्थेचा प्रमुख आपल्याच माजी विद्यार्थ्यांसमोर असं म्हणू शकतो, त्या संस्थेबद्दल माझा आदर वाढला.

वृद्धाश्रमात मला एका आजींजवळ बसायला सांगितलं. त्या बोलत नसत. त्यांना बोलता येत होतं, पण बोलायचं नव्हतं. मी पुस्तक वाचून दाखवलं, वर्तमानपत्र वाचून दाखवलं, प्रश्न विचारले. त्या खिडकीकडे बघत बसायच्या. परत आल्यावर वहीत लिहायचं असे. काय केलं ते थोडक्यात, आणि काय जाणवलं ते सविस्तर. मी लिहिलं की आजी फार एकाकी आहेत आणि माझा काही उपयोग होत नाही. वही परत आली तेव्हा समासात शिक्षकांनी लिहिलं होतं, 'हे तू त्यांच्याबद्दल लिहिलंस. तू तिथे बसतेस तेव्हा त्यांना काय वाटत असेल?'

खरं म्हणजे ते मला माहीत नव्हतं. तेव्हा मी भिंतीवरचा नियम वापरला. पुढच्या खेपेला गेल्यावर विचारलं, "आजी, मी वाचू की नुसती बसू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बस." मी बसले. त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या. नंतरच्या महिन्यांत त्या कधी बोलायच्या, कधी नाही. बोलल्या तेव्हा आपल्या शाळेबद्दल बोलल्या. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि दिवसभर वर्गात बोलून बोलून घरी आल्यावर त्यांना शांतता लागायची, ती सवय अजून गेली नव्हती. मी ज्याला एकाकीपणा म्हटलं होतं, त्यातला बराचसा भाग त्यांची आवड होती. थोडा एकाकीपणाही होता, पण तो मी समजले होते तिथे नव्हता. मुलगा फोनवर घाईत बोलतो, याचं त्यांना वाईट वाटायचं.

शाळेत सेवेच्या कामाआधी संदर्भ समजून घेणं, मग प्रत्यक्ष अनुभव, मग चिंतन, मग कृती आणि मग झालेल्याचा आढावा, अशी साखळी असायची. येशूसंघाच्या शिक्षणपद्धतीत हीच साखळी सगळ्या विषयांना लावतात. माझ्या मते तिच्यातली सगळ्यांत मोलाची कडी मधली, चिंतनाची. बऱ्याच शाळा मुलांना वृद्धाश्रमात नेतात, गाणी म्हणायला लावतात, फोटो काढतात आणि परत आणतात. त्याने मुलांना आपण चांगले आहोत असं वाटतं, एवढंच होतं. समासातला तो एक प्रश्न नसता तर मीही वर्षभर आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवत राहिले असते.

शाळा सुटून आता काही वर्षं झाली. लोक विचारतात, मग तू ख्रिस्ती झालीस का? नाही झाले. शाळेत कुणी तसं सुचवलंही नाही. पण प्रार्थना या गोष्टीकडे मी पूर्वी पाठांतर म्हणून बघायचे, तशी आता बघू शकत नाही. एक्झामेन मी अजून करते, रात्री. आभार मानताना ते नक्की कुणाचे मानते, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. शाळा सोडताना हे मी वर्गशिक्षक फादरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "आभार मानणं थांबवू नकोस. पत्ता पुढे सापडेल, न सापडेल." ते श्रद्धावान होते आणि पत्ता सापडावा अशी त्यांची मनापासून इच्छा असणार. तरी त्यांनी मला मोकळं सोडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

माझ्या मावसबहिणीला आता अशाच एका शाळेत प्रवेश मिळतो आहे आणि मावशीने मला विचारलं की काय काय बघून घेऊ. निकाल आणि शिस्त यांबद्दल शाळा आपण होऊन सांगतीलच. मी तिला वेगळे प्रश्न लिहून दिले. प्रार्थनेत भाग घेणं सक्तीचं आहे का, आणि नसेल तर त्या वेळी बाकीच्या मुलांनी काय करायचं? ज्यांना शिकवण्याची भाषा नवी आहे त्यांना वर्गात प्रश्न विचारता येतात का? मुलांना सेवेच्या कामाला नेत असाल तर परत आल्यावर त्यांच्याशी त्याबद्दल कोण बोलतं? आणि दिवसभरात मुलांना गप्प बसून विचार करायला, ज्याला गुण नाहीत असा, थोडा तरी वेळ मिळतो का? मावशी म्हणाली, असले प्रश्न मुख्याध्यापकांना कसे विचारायचे? मी म्हटलं, मी येते बरोबर. सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे.